आसऱ्याला जाणाऱ्या भाचीला

पोरी, केडगावला पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ संस्थेत पोचलीस, अंघोळ-जेवण झालं, की कार्यालयात जाऊन संस्थेचा पूर्ण पत्ता कागदावर लिहून घे. नाव, गाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे, पिनकोड, सगळं. तो कागद ब्लाउजच्या आत ठेव, पिशवीत नको. पिशव्या कशा जातात हे स्टँडवर झोपलेल्या बाईला मी काय सांगू?

तुला वाटेल, मावशी आयुष्यभर मिशनच्या वसतिगृहात मेट्रन म्हणून राबली आणि सांगायला काय, तर पत्ता लिहून घे. पण पोट भरायची सोय आपल्या मुलखात आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरात कुणी जात विचारत नाही, गाव विचारत नाही. पंगतीत बसायचं आणि जेवायचं. आपल्या लिंगायतांच्या मठांत दासोह, म्हणजे येईल त्याला जेवण, आहेच. मात्र जेवून उठलं की पुन्हा रस्ता. बँक, शाळा, तहसील, पोलीस, सरकारी दवाखाना, कुठंही जा, नावानंतरचा प्रश्न ‘राहता कुठं?’ हाच असतो. त्याचं उत्तर देता आलं नाही की समोरचा माणूस पेन खाली ठेवतो. २०११च्या जनगणनेत देशात पावणेअठरा लाख माणसं बेघर निघाली, त्यांत दोन लाखांच्या वर आपल्या महाराष्ट्रातली. ही फक्त मोजताना सापडलेली. आसऱ्याच्या घरात भाकरी मिळते, गादी मिळते, पण खरी मोलाची गोष्ट म्हणजे पत्ता मिळतो, आणि ‘ही बाई इथं राहते’ असं लिहून द्यायला एक जबाबदार माणूस मिळतो. त्याचा उपयोग पहिल्या आठवड्यापासून करायचा. ‘जरा बरं वाटू दे, मग बघू’ म्हणणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षं तिथंच बसलेल्या पाहिल्यात.

निघताना आधी फोन करून जागा आहे का ते विचार. लातूरपर्यंत एसटी, बायकांना अर्धं तिकीट आहे. लातूरहून रेल्वेनं दौंड, आणि दौंडहून पुण्याकडं जाणारी साधी गाडी धरलीस की केडगाव. दिवसाउजेडी पोचशील असा हिशोब धर. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर पाठ करून ठेव. फोन कुणाचाही चालतो.

आता कागदांचं. तुझं आधार हरवलं म्हणून तू रडत बसलीस, पण कार्ड हरवलं तरी आधार हरवत नाही. आधार केंद्रात बोटांचे ठसे दिले की नंबर सापडतो. खरी मेख वेगळीच आहे. तुझ्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय? नवऱ्याचा. म्हणजे तू बँकेत काही करायला गेलीस की ओटीपी वाजणार त्याच्या खिशात. तो नंबर बदलायला कुठलाही कागद लागत नाही, फक्त स्वतः जाऊन बोट ठेवावं लागतं. स्वस्तातलं सिम घे, स्वतःच्या नावावर घे, आणि आधी हे काम कर. मग पत्ता. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखांनी आधारच्या ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र दिलं तर ते पुरावा म्हणून चालतं. कार्यालयात तोच नमुना माग, साध्या लेटरहेडवर लिहून घेऊन दोन हेलपाटे घालू नकोस.

लाडकी बहीण योजनेचे पैसे कुठल्या खात्यात पडतात तेही बघ. सासऱ्यानं गावच्या बँकेत उघडून दिलेल्या खात्याला आधार जोडलेलं असेल आणि पासबुक त्याच्या पेटीत असेल, तर पैसे सरकार तुला देतंय आणि खातोय दुसराच. शून्य शिलकीचं नवं खातं उघड आणि आधार तिकडं जोडायला सांग. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता बाईला महिना १५०० रुपये मिळतात, अर्ज तहसीलला. पण लाडकी बहीण आणि हे, दोन्ही एकदम मिळत नाहीत, तेव्हा कुणी दलाल ‘दोन्ही करून देतो’ म्हणाला तर त्याला रस्ता दाखव.

किल्लारीचा भूकंप झाला, ३० सप्टेंबर १९९३, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. लातूर-उस्मानाबादची किती गावं भुईसपाट झाली. तिथल्या पत्र्याच्या शेडांत मी एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले. दगडमातीच्या घराखाली माणूस गेलं ते गेलंच, पण मागं राहिलेल्या विधवा सुनेचं नाव जर रेशनकार्डावर नसलं, सातबाऱ्यावर नसलं, तर मदतीच्या रांगेत दीर पुढं आणि ती मागं. घर दोघांचंही पडलेलं. कागदात मात्र एकच. म्हणून मी कागदाचं एवढं तुणतुणं लावते.

आता तुझ्या मनातलं, जे तू काल तीनदा बोलायला गेलीस आणि गिळलंस. ‘ते ख्रिश्चन लोक आहेत, मावशी. धर्म बदलायला लावतील का?’ सरळ विचारलंस तर सरळ सांगते. मी लिंगायत, गळ्यात लिंग बांधून मिशनमध्ये नोकरी केली, निवृत्त झाले आणि त्याच लिंगासकट अहमदपूरला परत आले. पण माझा पगार होता. तू भाकरीसाठी जाणार आहेस. दोघींचं एक नाही. म्हणून तुला रमाबाईंची गोष्ट नीट कळायला हवी, कारण तू त्यांच्याच अंगणात जाणार आहेस.

पंडिता रमाबाई स्वतः बेघर होत्या, हे लोक विसरतात. पंडिता, विदुषी म्हणून ठाऊक; पण त्यांचं लहानपण वाटेवरच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचे, दक्षिणा मिळेल त्यावर घर चालायचं, आणि घर म्हणजे धर्मशाळा. मद्रासकडं दुष्काळ पडला. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल चालली. काश्मीरकडं झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून दोघं गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपली; हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. १८७८मध्ये कलकत्त्याला पोचल्या तेव्हा तिथल्या शास्त्र्यांनी त्यांचं संस्कृत ऐकून ‘पंडिता’, ‘सरस्वती’ म्हटलं. मग भाऊ गेला, लग्न झालं, दोन वर्षं व्हायच्या आत नवरा पटकीनं गेला, कडेवर लेक मनोरमा. त्या मुलीला घेऊन त्या पुण्याला आल्या, पुढं इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली तिथं ख्रिस्ती झाल्या.

परत आल्यावर ११ मार्च १८८९ला त्यांनी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन काढलं, विधवा मुलींसाठी. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथं धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. सल्लागारांत रानडे, भांडारकरांसारखी माणसं. पण रमाबाई आपली प्रार्थना दार उघडं ठेवून करायच्या, आणि काही मुली येऊन बसायला लागल्या. १८९३ला गदारोळ उठला, केसरीनं झोडपलं, सल्लागार बाजूला झाले, वीस-पंचवीस मुलींना पालक घेऊन गेले. कोण चूक, कोण बरोबर यावर आजही भांडतात. माझं मत विचारशील तर, दोन्ही बाजूंच्या मोठ्या माणसांनी खूप लिहिलं, आणि त्या परत नेलेल्या मुलींचं पुढं काय झालं हे कुणी फारसं विचारलं नाही.

त्याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली. ती रमाबाईंकडं राहिली, शिकली, धर्म बदलला नाही, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचं लग्न झालं. विधवेचं लग्न म्हणून कर्व्यांना गावानं वाळीत टाकलं. तीच पुढची आनंदीबाई, बाया कर्वे. कर्व्यांनी विधवांसाठी जो आश्रम काढला, त्याला पै-पैसा गोळा करायला हीच बाई हिंडली. म्हणजे ख्रिस्ती बाईच्या आसऱ्यात उभी राहिलेली बाई आपल्या धर्मात राहून दुसऱ्या शेकडो बायकांना उभी करून गेली. हेही होतं. आणि मनापासून ख्रिस्ती होऊन सुखानं जगलेल्याही पुष्कळ, माझ्या वसतिगृहातच होत्या.

केडगावचं मुक्ती मात्र सुरुवातीपासून उघडपणे ख्रिस्ती आहे, त्यात लपवाछपवी नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना असणार, रविवारी उपासना असणार, नाताळला गाणी असणार. पहिल्याच दिवशी न लाजता विचार: प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? बसले नाही तर जागा जाईल का? जे उत्तर मिळेल ते लक्षात ठेव. बसलीस तर शांत बस, हसू नकोस, कुजबुजू नकोस. ज्यांनी ताट वाढलं त्यांच्या देवाची टिंगल करणं हा हलकटपणा आहे. तुझ्या गळ्यातलं लिंग मात्र कुणासाठी काढू नकोस आणि लपवूही नकोस. आणि समजा, राहता राहता तुझं मन खरंच तिकडं वळलं, तर ते तुझं मन आहे, मी कोण बोलणारी? पण तो निर्णय तिथं राहत असताना घेऊ नकोस. स्वतःच्या खोलीची किल्ली हातात आली, स्वतःच्या पगाराचं पीठ डब्यात आलं, की मग ठरव. भुकेनं घेतलेला निर्णय देवालाही खरा वाटत नसेल.

दुसऱ्या कुणाला सल्ला द्यायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात असू दे. अनुसूचित जातीची बाई ख्रिस्ती झाली तर १९५०च्या आदेशाप्रमाणे तिच्या जातीच्या सवलती जातात. हिंदू, शीख, बौद्ध असेल तर राहतात. याला कुणी न्याय म्हणेल, कुणी अन्याय, पण लेकराच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न असतो तेव्हा आधी माहीत असलेलं बरं.

आता काम. रमाबाईंनी आपल्या दुष्काळातल्या दिवसांबद्दल लिहिताना एक कडू गोष्ट सांगितलीय: वडिलांनी शास्त्रं शिकवली, पण हाताचं काम शिकवलं नाही, आणि भीक मागायची लाज; म्हणून घरच्यांची उपासमार झाली. ही गोष्ट त्या विसरल्या नाहीत. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो उपाशी मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग, तिथं नव्या मुली ठेवायला मनाई, म्हणून केडगावच्या शेतात तंबू-झोपड्या ठोकल्या, विहिरी खणल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातकडच्या आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या बायकांना नुसतं बसवून खाऊ घातलं नाही. शेती, गाई, तेलघाणा, विणकाम, शिवण, बेकरी, छापखाना. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवलं. रमाबाईंनी मराठीत केलेलं बायबलचं भाषांतरही तिथल्याच बायकांनी जुळवलं आणि छापलं. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. मुक्ती अजून चालू आहे.

तर तूही रिकामी बसू नकोस. ‘काय काम येतं?’ विचारलं तर ‘काहीच नाही’ म्हणू नकोस. तू ऊस तोडलायस, मोळी बांधलीस, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढलीस, पोरगी पोटात असताना. तुझ्या हातात ताकद आहे आणि पहाटे तीनला उठायची सवय आहे. स्वयंपाकघर माग. शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक रोज करणाऱ्या बाईला बाहेर वसतिगृहात, दवाखान्यात, शाळेत काम मिळतं. किंवा म्हाताऱ्या-आजारी बायकांची सेवा माग. घाण काढावी लागेल, पण पुण्यात आज रुग्णसेवा करणाऱ्या बायांना मागणी आहे. शिवणकाम सगळ्याच जणी मागतात, म्हणून तिथं गर्दी. आणि जे शिकशील त्याचा कागद माग. ‘इतके महिने अमुक काम केलं, वागणूक चांगली’ एवढ्या दोन ओळी, सही-शिक्का. मिशनच्या माणसांना असले कागद लिहायची चांगली सवय असते, मागितलं तर देतात. न मागता कुणी देत नाही.

आमच्या थोरल्या मेट्रनबाई, ज्यांच्या हाताखाली मी शिकले, त्या नवीन बाईला पहिले पंधरा दिवस काहीच विचारायच्या नाहीत. म्हणायच्या, रस्त्यावरून आलेलं माणूस आधी झोपतं, मग खातं, मग भांडतं आणि मग बोलतं. अगदी तसंच होतं. तूही भांडशील. नळावर, साबणावरून, खाटेवरून. अंगात कुठूनसा राग येईल आणि समोर जी असेल तिच्यावर निघेल. घाबरू नकोस, फक्त हात उचलू नकोस. दुसरं, तू भाकरी लपवशील. हसू नकोस, सगळ्या लपवतात. उशीखाली, ट्रंकेत, लेकीच्या दप्तरात. उद्या मिळेल का नाही याची भीती पोटातून जायला वेळ लागतो. लपव, पण डब्यात लपव, नाहीतर खोलीभर मुंग्या होतात आणि मग शेजारणीच्या शिव्या. चपला उशाला घेऊन झोपायची सवयही अशीच हळूहळू सुटते.

तुझी सगळी कहाणी पहिल्या रात्री सगळ्यांना सांगू नकोस. नवऱ्यानं दुसरी केली, सासूनं दार लावलं, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल, स्वारगेट स्टँडवरच्या रात्री, हे सगळं नोंद घेणाऱ्या बाईंना खरं-खरं सांग, कारण पुढचे कागद त्यावरच निघतात. खोलीतल्या बायांना हळूहळू. पैसे उसने देऊ नकोस, घेऊ नकोस. मिळतील ते पोस्टात टाक. पाहुणे, देणगीदार येतील आणि फोटो काढतील. तुझी इच्छा नसेल तर ‘माझा नको’ म्हण. हा उद्धटपणा नाही. अडचणीतल्या लेकराचं नाव-तोंड जाहीर करायला तर कायद्यानंच बंदी आहे.

लेकीचं बघ. तिला शाळेत घालायला दाखला नाही, टीसी नाही म्हणून शाळा अडवू शकत नाही, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात ते लिहिलंय. वयाप्रमाणे वर्गात बसवावंच लागतं. तिला तुझ्यापासून वेगळं, दुसऱ्या वसतिगृहात ठेवू असं कुणी म्हणालं, तर आधी विचार की जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढं नेणार का. त्या समितीशिवाय आई-बापांवेगळं लेकरू कुठल्याही बालगृहाला ठेवून घेता येत नाही, मग ते बालगृह मिशनचं असो, मठाचं असो की सरकारी. शंका आली तर १०९८. समजा वेगळं ठेवणंच तिच्या भल्याचं ठरलं, तर भेटायचा वार आणि वेळ लिहून घे.

नवऱ्याचं आणि उचलीचं मी थोडक्यात सांगते, कारण यात वकील लागेल. मुकादमाकडून उचल नवऱ्यानं घेतली, तू अंगठा दिला नसलास तर ती तुझ्या डोक्यावर नाही. ‘उचल फिटेपर्यंत कोयता धर’ म्हणत कुणी दारात आला, तर वेठबिगारीविरुद्ध १९७६पासून कायदा आहे, सरळ पोलिसांकडं जा. सासरच्या घरात राहायचा हक्क २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तुला आहे, पोटगीचाही आहे. वकिलाला पैसे कुठून आणू म्हणू नकोस; बाईला सरकारकडून वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अहमदपूरच्या कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज द्यायचा, किंवा १५१०० ला फोन. दावा आत्ताच लाव असं मी म्हणत नाही. आधी श्वास घे. पण मारल्याच्या खुणा, दवाखान्याचा कागद, हे मात्र जपून ठेव. आणि तू कुठं आहेस हे नातेवाइकांत फक्त एकाच माणसाला कळू दे. तो माणूस मी नसले तरी चालेल, पण तोंडाचा पक्का हवा.

तुझ्या धाकट्या दिराचं काल निघालं. तोही दारू पिऊन कुठं फलाटावर पडलाय म्हणे. मुक्ती बाया-लेकरांसाठी, बाप्यांसाठी पनवेलजवळ सील आश्रम आहे, रस्त्यावर पडलेल्या आजारी माणसांना उचलून नेतात, आणि बरे झाले की घरचे शोधून परत पोचवायची खटपट करतात. मुक्तिफौज तर मुंबईत १८८२पासून आहे. भायखळ्याला मदर तेरेसांच्या सिस्टरांचं आशादान आहे. शिवाय मोठ्या शहरांत पालिकेचे बेघर निवारे असतात, लाख वस्तीमागं एक असावा असं सुप्रीम कोर्टानं बजावलंय; असायला हवेत तितके नसतात, पण विचारावं. डोक्यावर परिणाम झालेलं माणूस रस्त्यावर दिसलं तर त्याला साखळीनं बांधायचं नाही, बुवाकडं न्यायचं नाही. पोलिसांना कळवायचं, २०१७च्या कायद्यानं त्याला दवाखान्यात पोचवणं हे पोलिसांचं काम आहे. दारू सोडवणं मात्र वेगळं शास्त्र आहे. नुसत्या प्रार्थनेनं सुटली म्हणणारे मला भेटलेत, महिन्याभरानं पुन्हा पिताना दिसलेलेही त्यांतच. प्रार्थनेबरोबर डॉक्टर हवा.

अहमदपूरला तू लगेच परत यावंस असं मला वाटत नाही. इथं बाजाराच्या दिवशी चार बायका थांबवून विचारतील, ‘काय गं, तिकडं बाटवलं म्हणं तुला?’ त्यांना उत्तर देत बसायची ताकद आत्ता तुझ्यात नाही. वर्षभरानं ये, यात्रेला ये, लेकीला नवा फ्रॉक घालून ये. तेव्हा कुणी विचारलं तर खरं सांग: राहिले, शिकले, जेवले, मानानं वागवलं. ज्यांनी आसरा दिला त्यांचं नाव लपवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, सोयरिकीला अडचण येईल म्हणून. मला ते आवडत नाही.

तिथून निघायची वेळ कधी, ते कुणी सांगणार नाही. चांगल्या आसऱ्याचा हाच एक दोष की तो सोडवत नाही. काम लागलं, तीन पगार सलग हातात पडले, लेकीची शाळा सुरळीत झाली की खोली बघायला लाग. एकटीनं नको, तिथलीच एखादी कामाला लागलेली बाई जोडीला घे, भाडं निम्मं होतं आणि रात्री दाराला दुसरं माणूस असतं. डिपॉझिटचे पैसे आधीपासून बाजूला टाकत जा. कुणी भला माणूस म्हणेल, ‘ताई, खोली माझ्या नावावर घेतो, तुम्ही फक्त राहा, भाडं द्या.’ तो खरंच भला असेलही. तरी नको म्हण. घरमालक बाईशी करार करायला कुरकुर करील, संस्थेच्या बाईंचा फोन लावून दे, चार दिवस थांब, दुसरी खोली बघ. भाडेकरारावर नाव तुझंच पाहिजे.